बाण, बार आणि रूट कार्ड

टी.ई.नंतरच्या सुट्टीत मी महाळुंग्याला इनप्लांट ट्रेनिंगला होतो. बालेवाडीजवळचं म्हाळुंगे नव्हे बरं का, चाकण एमआयडीसीतलं! शॉपवरच्या काकांनी एक रूट कार्ड स्वच्छ अक्षरात लिहून काढायला दिलं. मी घाईत दोन ओळींची अदलाबदल केली: हार्डनिंग आधी, ऑइल होलचं ड्रिलिंग नंतर. ट्रायलचे सहा शाफ्ट कडक होऊन आले आणि पहिल्याच शाफ्टवर ड्रिलचं टोक गेलं. दुसऱ्यावर दुसरं ड्रिल. काका ओरडले नाहीत. "पोरा, प्रत्येक ऑपरेशनला विचारायचं, तुला काय हवं आणि तू काय देणार," एवढंच म्हणाले.

पुढे लायब्ररीत कॅटेगरी थिअरीचं एक पुस्तक चाळताना काकांचंच वाक्य भेटलं! कॅटेगरी म्हणजे काही वस्तू आणि त्यांच्यामधले बाण. प्रत्येक बाणाची सुरुवात आणि शेवट ठरलेला. एकाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असेल तरच दोन बाण जोडता येतात. 'काहीच न करणे' हाही प्रत्येक वस्तूचा एक बाण. तीन बाण जोडताना आधी कुठले दोन एकत्र धरले याने फरक पडत नाही, क्रम मात्र बदलायचा नाही. ड्रिलिंगचा बाण 'मऊ शाफ्ट'पासून निघतो. माझा शाफ्ट कडक होता, म्हणजे जोड बसतच नव्हती.

ही भाषा आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४५ साली टोपॉलॉजीसाठी मांडली. (या आयलेनबर्गना भारतीय शिल्पं जमवण्याचा भारी नाद. १९८७ साली त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला.) पण ती टोपॉलॉजीत थांबली नाही.

तर्कशास्त्र घ्या. विधान ही वस्तू, सिद्धता हा बाण. 'अ' वरून 'ब', 'ब' वरून 'क', म्हणून 'अ' वरून 'क'. झाली जोडणी. मात्र इथे एक गोम आहे. नेहमीच्या तर्कात एकदा हाती आलेलं विधान हवं तितक्यांदा वापरता येतं, जशी ड्रॉइंगची झेरॉक्स. स्टीलच्या बारची झेरॉक्स निघत नाही! एका शाफ्टचा बार वापरला की संपला. असा हिशेबी तर्क ज्याँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये मांडला, त्याला लिनिअर लॉजिक म्हणतात.

गंमत म्हणजे भाषेत हा हिशेब त्याआधीच येऊन गेला होता. १९५८ साली लॅम्बेक यांनी व्याकरणच गणितासारखं लिहिलं. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात 'खाल्ला' दोन रिकाम्या जागा घेऊन येतो, दोन्ही डावीकडे. एक आंब्याने भरते, दुसरी रामाने, आणि उरतं पूर्ण वाक्य. इंग्रजी क्रियापदाची एक जागा डावीकडे, एक उजवीकडे. एक शब्द एकच जागा भरणार, दोनदा नाही. 'रामाने खाल्ला' ऐकलं की आपण 'काय?' विचारतो, कारण एक जागा उघडी राहते.

आणि फिजिक्स? अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स-झुरेक आणि डीक्स यांनी दाखवलं. टेलिपोर्टेशनमध्येही मूळ स्थिती नाहीशी होते, तेव्हाच ती पलीकडे मिळते. म्हणजे पुन्हा बारचाच नियम. २००४ मध्ये अब्राम्स्की आणि कोके यांनी हे सगळं डबे आणि तारांच्या चित्रांत बसवलं. २०१० मध्ये कोके, सद्रझादे आणि क्लार्क यांनी तशाच चित्रांनी वाक्याचा अर्थ जोडून दाखवला. टेलिपोर्टेशनमधली वाकलेली तार तिथे शब्दाला क्रियापदाशी जोडते.

यातलं काही नुसतं जुन्याला नवं नाव देणं आहे, असं मला अजूनही वाटतं. शिवाय याने वायवात एक मार्कही वाढत नाही. पण प्रत काढता येते की नाही, हा एकच प्रश्न तिन्ही विषयांना विचारता येतो, हे मला दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात मी ते कार्ड पुन्हा लिहिलं, प्रत्येक ऑपरेशनपुढे 'येताना' आणि 'जाताना' असे दोन रकाने पाडून. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि खाली सही केली. सहापैकी पाच शाफ्ट स्क्रॅपमध्ये गेले. सहावा माझ्या टेबलावर पेपरवेट आहे, ड्रिल घसरल्याच्या चकचकीत ओरखड्यासकट.