वजनकाटा जे सांगत नाही

विहारात आरोग्य तपासणी ठेवली की वजनकाट्यापुढे रांग लागते. पंचावन्न किलो भरलेला माणूस खुशीत खाली उतरतो. ‘आपण बारीक, आपल्याला कसला हार्ट अटॅक,’ म्हणत बी.पी. न मोजताच घरी जातो. आम्ही नोकरीत असताना वॉर्डात अशी बारीक माणसं पुष्कळ पाहिली. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे.

हे कोडं पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका फोटोतून जगापुढे मांडलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांतही त्यांना हेच दिसलं. बाळ वजनाला कमी, मांस कमी, चरबी मात्र टिकून. आईच्या पोषणाशी याचा संबंध आहे, असं ते सांगतात.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती रक्तात हार्मोन सोडते. त्यातलं लेप्टिन 1994 साली सापडलं. ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप ते मेंदूला देतं. चरबी फार वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू ऐकेनासा होतो. दुसरं अ‍ॅडिपोनेक्टिन. ते इन्सुलिनला मदत करतं, रक्तवाहिन्यांना जपतं. पोटातली चरबी वाढली की नेमकं हेच कमी होतं. शिवाय आतड्यांभोवतीची चरबी थेट यकृताला त्रास देते. मग रक्तातली चरबी, साखर, बी.पी. सगळंच चढतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. मांड्यांवरची चरबी एवढा छळ करत नाही. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हार्ट अटॅकच्या धोक्याचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबाच्या मापावरून जास्त नीट आला.

म्हणून शिंप्याकडची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप सरळ धरा. श्वास सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. परकराच्या नाडीची जागा धरू नका. पुरुषांनी पँटचा नंबर सांगू नये, पट्टा पोटाच्या खालीच असतो! बाईची कंबर 80 सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषाची 90 पेक्षा जास्त भरली तर धोका. इंचात साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस. गरोदर बाईला हे माप लागू नाही.

पैसे घेऊन ‘फॅट’ सांगणाऱ्या मशीनच्या मागे लागू नका. अंगात पाणी कमी-जास्त असलं तरी तिचा आकडा बदलतो. नुसत्या पोटाच्या कसरतींनी पोटाचीच चरबी जाते, हेही खरं नाही. रोजचं झपझप चालणं मात्र आतली चरबी कमी करतं, काट्यावर फारसा फरक दिसला नाही तरी.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा आशाताई जो फॉर्म भरते, त्यात कमरेच्या मापाचा रकाना असतो. तो अंदाजाने भरू देऊ नका, ताईला टेप काढायला सांगा. माप जास्त निघालं तर सरकारी दवाखान्यात बी.पी. आणि साखर तपासून घ्या, आणि बारीक माणसालाही सोबत न्या.