बुरशीला बुरशीचा उतारा

1974 सालच्या शरद ऋतूत राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, मुख्यत्वे भिल्लांच्या वस्त्यांतून, काविळीची एक विलक्षण साथ उद्भवली. आरंभी ज्वर, वांत्या आणि अन्नावरची वासना उडणे, पुढे डोळ्यांत उतरणारा पिवळेपणा आणि त्यानंतर थोड्याच अवधीत जलोदराने फुगलेले पोट, असा तिचा क्रम असे. आणि ज्या घरची माणसे आजारी पडत त्याच घरचे उष्टे खाणारी कुत्रीही पोट फुगून मरत, ही हकीकत हा मामला संसर्गाचा नसून अन्नाचा असावा या संशयाला बळकटी देणारी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या तपासात 397 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी 106 दगावले. वर्षानुवर्षे अवर्षण सोसलेल्या त्या मुलखात कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता, तो तसाच ओलसर साठवला गेला होता, त्यावर बुरशी चढली होती आणि दुसरे धान्य घरात नसल्यामुळे तोच मका दळून लोक खात होते. एकेका माणसाच्या पोटात दररोज 2 ते 6 मिलिग्रॅम विष जात असावे असा अंदाज तपासणाऱ्यांनी बांधला. आज आपल्याकडील अन्नसुरक्षेचे नियम एक किलो धान्यात या विषाचे 15 मायक्रोग्रॅमहून अधिक प्रमाण चालू देत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याची भयानकता कळते.

या विषाचे नाव अफलाटॉक्सिन. ते निर्माण करणारी मुख्य बुरशी म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस, हिरवट-पिवळ्या बीजाणूंची, उष्ण प्रदेशातील मातीत सर्वत्र वसणारी. शास्त्राला तिच्या या दुर्गुणाची ओळख 1960 साली पटली, जेव्हा इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले आणि शोध घेता घेता त्याचे मूळ त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. हे विष डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि घरच्या चुलीवरच्या आचेने नष्ट होत नाही. भाकरी भाजली, दाणे खरपूस केले, तरी त्याचा बराचसा अंश मागे उरतोच. मोठ्या मात्रेने ते यकृताचा घात करते, तर अल्प मात्रेने वर्षानुवर्षे पोटात जात राहिले असता यकृताचा कर्करोग घडवून आणते, आणि ज्याच्या रक्तात ब-प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे त्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. दूषित पेंड वा सरकी खाल्लेल्या गाई-म्हशींच्या दुधातही त्याचे रूपांतरित अवशेष उतरतात. बांसवाड्याच्या साथीने निदान लोकांचे लक्ष तरी वेधले. परंतु ज्या असंख्य घरांतून हे विष थोडेथोडे करून, कोणाच्याही नजरेस न येता खाल्ले जाते, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि मला तीच गोष्ट अधिक गंभीर वाटते.

धान्य चांगले वाळवावे, कोरड्या जागी साठवावे, काळवंडलेले व सुरकुतलेले दाणे निवडून काढावेत, हे उपाय सर्वश्रुत आहेत आणि ते आवश्यकही आहेत. तथापि त्यांची मर्यादा अशी की, रोगाचा प्रारंभ पुष्कळदा कोठारात होतच नाही, तो शेतात होतो. कणसात दाणे भरण्याच्या ऐन वेळी पावसाने ओढ दिली, उष्मा वाढला, पीक तहानेने कासावीस झाले, किडीने दाण्याला भोक पाडले, की मातीतून वाऱ्याबरोबर उडालेले बीजाणू मक्याच्या कणसावरील रेशमी केसांतून व जखमांतून आत शिरतात. भुईमुगाची शेंग तर मातीतच वाढत असल्यामुळे तिला हा शत्रू उशाशीच असतो. कापणीपूर्वीच जे विष दाण्यात उतरले, ते पुढे कितीही ऊन दिले तरी निघून जात नाही. तेव्हा उपाय करायचा तो फुलोऱ्यापूर्वी, उभ्या पिकात, मातीच्या पातळीवर करायला हवा, या विचारापाशी शास्त्रज्ञ येऊन पोहोचले.

या विचाराला वाट मिळाली ती बुरशीच्याच स्वभावातील एका विशेषामुळे. ॲस्परजिलस फ्लेव्हसचे सारेच वंश विषारी नसतात. काहींच्या ठायी विष घडवणाऱ्या जनुकांत बिघाड झालेला असतो, तर काहींच्या ठायी त्या जनुकांचा समूहच नाहीसा झालेला असतो. अशा निर्विष वंशाला जगण्यास मात्र काही कमी पडत नाही. तो तेच अन्न खातो, त्याच दाण्यावर वाढतो, त्याच हवेत पसरतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील पीटर कॉटी या संशोधकाने ॲरिझोनातील कपाशीच्या शेतांत हा विषय हाती घेतला, कारण तिथली सरकी दुभत्या गुरांना घातली जात असे आणि तिच्यातील विष दुधात उतरत असे. त्याच मुलखातील एक निर्विष वंश त्याने निवडला, निर्जीव केलेल्या गव्हाच्या दाण्यांवर तो वाढवला आणि ते दाणे योग्य वेळी शेतात पसरवले. पंगतीत जो आधी पानावर बसला त्याला उठवून दुसऱ्याला बसता येत नाही, तसेच इथे घडते: निर्विष बुरशी दाण्याचा, पालापाचोळ्याचा आणि मातीचा कब्जा आधी घेते, आणि विषारी वंशाला जागा उरत नाही. शेतातील बुरशीचे एकूण प्रमाण यामुळे विशेष वाढत नाही; बदलतो तो तिचा वंश. 2003 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने या वंशाला कपाशीवरील वापराचा परवाना दिला. त्याचे उत्पादन ॲरिझोनातील कापूस उत्पादकांच्या स्वतःच्या संघटनेने फिनिक्स येथील कारखान्यात चालवले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. भुईमुगासाठी दुसऱ्या एका निर्विष वंशाला जॉर्जियातील संशोधनावरून 2004 साली परवानगी मिळाली.

या विद्येची खरी कसोटी मात्र आफ्रिकेत लागली. केनियाच्या माकुएनी व किटुई भागांत 2004 साली विषारी मका खाऊन 317 लोक आजारी पडले आणि 125 मेले. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत हे काम ज्यांनी नेटाने पुढे नेले, ते रणजित बंद्योपाध्याय हे आपल्याच देशाचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ; त्यापूर्वी हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत ज्वारीच्या रोगांवर त्यांनी काम केलेले होते. परदेशातील वंश आयात न करता त्या त्या देशातील धान्यातून व मातीतून बुरशीचे सहस्रावधी नमुने गोळा करायचे, त्यांतून निर्विष वंश शोधून काढायचे, त्यांच्या जनुकांची रुजुवात घ्यायची, आणि त्या मातीत पूर्वापार रुळलेले चार वंश एकत्र करून औषध सिद्ध करायचे, अशी त्यांची पद्धती होती. विस्तारलेल्या या कार्याचे फळ म्हणजे अफलासेफ. या वंशांचे बीजाणू ज्याच्या अंगावर चढवतात ते धान्य म्हणजे भाजून निर्जीव केलेली ज्वारी, जिला खाण्याच्या धान्यापासून निराळी ओळखता यावी म्हणून निळा रंग देतात. फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी 10 किलो ही निळी ज्वारी हाताने शेतात फेकली, की दवाच्या ओलाव्याने तिच्यावर बुरशी फुलते आणि पुढे कित्येक दिवस बीजाणू सोडत राहते. ज्या शेतात ती टाकली तिथल्या धान्यातील विष बहुधा 80 टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले, आणि साठवणीतही हा गुण टिकून राहिला. नायजेरियाने 2014 साली व केनियाने 2015 साली तिला मान्यता दिली. पुढे सेनेगल, घाना, टांझानिया, झांबिया आदी देशांनीही आपापल्या मातीतील वंश घेऊन तोच मार्ग धरला.

एवढे झाले तरी एक प्रश्न उरतोच. जे विष डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यापासून मुक्त असलेल्या धान्याला बाजारात अधिक दाम कोण देणार, आणि तो मिळत नसेल तर शेतकरी खिशाला झळ का लावून घेईल? नायजेरियात यावर जी तजवीज झाली ती शहाणपणाची होती: शेतकऱ्यांना एकत्र आणणाऱ्या उद्योजकांना, त्यांनी गोळा केलेल्या मक्यात निर्विष बुरशी सापडली तर दर टनामागे ठरावीक मोबदला देण्याची योजना आखली गेली, आणि कोंबड्यांचे खाद्य बनवणाऱ्या ज्या व्यापाऱ्यांना खराब धान्याचे नुकसान प्रत्यक्ष सोसावे लागते, ते चांगल्या मक्याला जास्त दर देऊ लागले.

या उपायाची सीमाही स्पष्ट सांगितली पाहिजे. तो एकाच विषावर चालतो. 1995 साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व अतिसार झाला, त्याचे कारण फ्युमोनिसिन नावाचे निराळ्याच बुरशीचे विष होते, आणि निळ्या ज्वारीचा त्यावर काही उपयोग नाही. माती अगदीच कोरडी असेल तर फेकलेले दाणे मुंग्या-पाखरांच्या तोंडी जातात. ओल असली तरच बुरशी फुलते. आणि पेरणी, वाळवणी, साठवणी यांतील सावधगिरीला तर कुठलाच पर्याय नाही.

तरीही, अवर्षण आणि अवकाळी पाऊस हे ज्याच्या नशिबी आळीपाळीने येतात अशा मराठवाड्यातील किंवा विदर्भातील शेतकऱ्याला हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या मका, भुईमूग आणि सरकीवरही तीच बुरशी वसते, आणि तिचे निर्विष भाऊबंद आपल्याही मातीत असणार. कृषी विद्यापीठांनी त्यांचा शोध गावोगावच्या नमुन्यांतून घ्यावा. खाद्य कारखान्यांनी आणि दूध संघांनी पेंड, मका व सरकी खरेदी करताना ओलाव्याबरोबर विषाचीही तपासणी करून निर्दोष मालाला वाढीव दर द्यावा. आणि आपण घरोघरी, बुरशी आलेला दाणा माणसाला चालत नाही म्हणून गुरांपुढे टाकण्याचा शिरस्ता सोडून द्यावा, कारण तो गोठ्यातून दुधाच्या रूपाने परत आपल्याच लेकरांच्या पेल्यात येतो.