मेंदूचा दुसरा शिधा

देहाच्या एकंदर वजनात जेमतेम 2 टक्के हिस्सा असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा एकटा खर्ची घालतो, आणि ती तो केवळ ग्लुकोजच्याच रूपाने स्वीकारतो, ही समजूत शरीरशास्त्रात दीर्घकाळ इतकी दृढ होती की तिचा साधा ताळेबंद मांडून पाहण्याची तसदीही फारशी कोणी घेतली नाही. प्रौढ मेंदूस दररोज सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातील शिल्लक निराहार मनुष्यास एखादा दिवस पुरते. आणि मेदाम्लांपासून ग्लुकोज घडविण्याचे सामर्थ्य आपल्या शरीरात जवळजवळ नाही. मग स्नायूंतील प्रथिने मोडूनच हा खर्च भागवावयाचा, तर उपोषण करणारा मनुष्य दोन-तीन आठवड्यांतच मृत्युपंथास लागावयास हवा. प्रत्यक्षात 1929 साली लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दासांचे प्राण गेले ते उपोषणाच्या 63व्या दिवशी.

या कोड्याचा उलगडा 1967 साली बोस्टन येथे ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पाच-सहा आठवडे वैद्यकीय देखरेखीखाली निराहार राहिलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या बाबतीत, मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली असता असे दिसून आले की, मेंदूच्या इंधनाचा अर्ध्याहून अधिक भाग ग्लुकोज नव्हे, तर यकृताने चरबीपासून तयार केलेली कीटोन द्रव्ये पुरवीत होती. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा जो जकातनाका मेदाम्लांना सहसा दाद देत नाही, तो या लहान आकाराच्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांना मात्र परवाना देतो. त्यामुळे स्नायूंची धूप मंदावते आणि मनुष्य तग धरतो. (आपल्याकडील एकादशीस हे घडत असेल असा भ्रम कोणी बाळगू नये; साबुदाणा आणि बटाटा यांच्यात पिष्ट इतके असते की यकृतास अशी तजवीज करण्याचे कारणच उरत नाही.)

तथापि या दुसऱ्या शिध्यास केवळ दुष्काळी तरतूद मानणे हा त्याच्यावर अन्याय होईल, असे मला वाटते. कारण त्याचा खरा मान आहे तो आयुष्याच्या आरंभी. नवजात बालकाच्या विश्रांतकालीन ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा एकट्या मेंदूस लागते. मनुष्याचे मूल इतर बहुतेक भूचर सस्तन प्राण्यांच्या पिलांच्या मानाने अंगाने गुटगुटीत जन्मते, आणि आईच्या दुधातील सुमारे निम्मे उष्मांक स्निग्धांशातून येतात. त्यामुळे कोणताही उपवास न घडताही अंगावर पिणाऱ्या बालकाच्या रक्तात कीटोन द्रव्ये आढळतात. हान्स क्रेब्स यांच्या प्रयोगशाळेतून 1971 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अंगावर पिणाऱ्या उंदरांच्या पिलांचा मेंदू ही द्रव्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूपेक्षा कितीतरी अधिक ग्रहण करतो असे आढळले. शिवाय ती केवळ जाळली जात नाहीत: मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणास लागणारे कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ घडविण्यासाठीही वाढता मेंदू त्यांचा उपयोग करतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत लॅक्टेटही इंधन म्हणून कामी येते.

चिकित्सेत या ज्ञानाचा उपयोग त्याच्या उपपत्तीच्या आधीच झाला होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी 1921 साली अपस्मारावर स्निग्धप्रधान कीटोजेनिक आहार सुचविला. 1938 मध्ये फेनिटॉइन या औषधाचा गुण सिद्ध झाल्यावर तो मागे पडला, आणि अलीकडच्या दशकांत, औषधांना न जुमानणाऱ्या बालअपस्मारासाठी, पुन्हा पुढे आला. ग्लुकोजला मेंदूत नेणारे वाहक प्रथिनच जन्मतः सदोष असते, अशा एका दुर्मीळ विकारात तर तोच मुख्य उपचार ठरतो.

मात्र हा आहार औषधाइतकाच काटेकोर असून त्यात मूतखडा होणे, वाढ खुंटणे असे धोके संभवतात, आणि निरोगी मुलाची बुद्धी त्याने वाढते असा पुरावा नाही. म्हणून पालकांनी तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीवाचून मुलाची भात-पोळी तोडून हा प्रयोग घरी करू नये.