रुखवतातले नवरदेव-नवरी : मेंढा, विंचू आणि लालकंधारी



कारखान्याची चिमणी थंड झाली, की आपल्या कार्यक्षेत्रात बँडबाजा सुरू होतो. उसाचे बिल आणि लग्नाचा मांडव यांची सोयरीक जुनीच आहे. (बिल कधी हाती पडते हा विषय निराळा, तो या लेखात नको.) मांडव म्हटला की रुखवत आले. यंदा आम्ही लिहिणार आहोत ते रुखवताच्या टेबलावर मधोमध बसणाऱ्या त्या दोघांविषयी, म्हणजे बाहुला-बाहुलीविषयी.

जुन्या चालीत रुखवत म्हणजे नवरदेवाकडे वाजतगाजत न्यायचा फराळ. लाडू, करंज्या, अनारसे, पापड-कुरडया आणि त्यासोबत बायांची गाणी. पुढे त्यात नवरीच्या हातची कला शिरली. लोकरीचे तोरण आले, नारळाचा गणपती आला, सुपारीला नाक-डोळे काढून केलेले भटजी आणि वाजंत्री आले, तांदळाच्या सात ढिगांची सप्तपदी आली. पाव्हणे जेवून उठले की टेबलाभोवती घोळका जमायचा, आणि "हे कुणी केलं गं?" असा प्रश्न व्हायचा. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नवरीचे नाव चारचौघांत घेतले जाई. लग्नाच्या सगळ्या गडबडीत पोरीच्या हाताचे कौतुक होण्याची ती एवढीच जागा.

आता शहरात अख्खे रुखवत भाड्याने मिळते. सकाळी टेम्पोतून येते, संध्याकाळी परत जाते. त्यातले नवरदेव-नवरी सगळीकडे सारखेच: गुलाबी गाल, लाल शालू, चकचकीत शेरवानी. कंधारच्या लग्नात तेच आणि लातूरच्या लग्नातही तेच. कुणाचे लग्न आहे ते बाहुल्यांवरून कळायचे नाही.

यावर काही लेकींनी एक तोड काढली आहे आणि ती आम्हांला पसंत आहे. नवरीची जी रास तिचे चिन्ह बाहुलीवर, नवरदेवाची जी रास तिचे चिन्ह बाहुल्यावर. रास कुठली धरायची, असा प्रश्न येईल. इंग्रजी चालीच्या भविष्यात जन्मतारखेवरून सूर्याची रास धरतात; आपल्या पंचांगात जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असेल ती. पत्रिकाच नसेल तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरास काढतात. चू, चे, चो, ला ही अक्षरे मेषेची, वा, वी, वू ही वृषभेची, असे कोष्टक प्रत्येक पंचांगात असते. खेड्यात अर्ध्या सोयरिका त्यावरच पाहिल्या जातात. बाहुलीसाठी तेवढे पुरे.

राशींची चित्रे मूळची कुठली, हेही थोडे सांगू. क्रांतिवृत्ताचे बारा समान भाग पाडले बाबिलोनच्या ज्योतिषांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. ती गणना ग्रीकांकडे गेली आणि तिथून आपल्याकडे आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातक' ग्रंथात मेषेला क्रिय, वृषभेला तावुरि, मिथुनेला जितुम अशी नावे दिली आहेत. ही ग्रीक शब्दांचीच रूपे. म्हणजे ही बारा जनावरे-माणसे कितीतरी मुलूख फिरून आपल्या पंचांगात येऊन बसली. त्याच ग्रंथात प्रत्येक राशीचे रूपही वर्णन केले आहे, आणि बाहुल्या करणाऱ्या हाताला ते फार उपयोगी आहे. मिथुन म्हणजे जोडपे, पुरुषाच्या हाती गदा आणि बाईच्या हाती वीणा. कन्या नावेत बसलेली, एका हातात धान्य आणि दुसऱ्या हातात अग्नी. धनु म्हणजे धनुर्धारी, पण कमरेखाली घोडा. मीन म्हणजे दोन मासे, एकाच्या शेपटीशी दुसऱ्याचे तोंड.

आता करायचे कसे ते पाहू. बाहुली वीतभर उंचीची धरावी. अंगासाठी ज्वारीचे धांडे सोलून आतले भेंड घ्यावे. लहानपणी ज्याच्या बैलगाड्या केल्या तेच. डोक्याला सुपारी किंवा चिंध्यांचा घट्ट गोळा. चिकटवायला चिंचोक्याची खळ. घोंगडीला लावतात तीच, आणि निर्मळच्या खेळण्यांतही तीच चालते. नांदेडहून भोकर, भैंसा ओलांडून निर्मळ लागते. आज ते तेलंगणात असले तरी निजामाच्या राज्यात कंधार आणि निर्मळ एकाच छत्राखाली होते. तिथले कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाचे तुकडे कोरतात आणि चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून सांधे बुजवतात. आपल्याला लाकूड कोरणे जमणार नाही, पण सांधा बुजवायची ती युक्ती धांड्यालाही चालते.

मेषेच्या नवरदेवाला काळ्या लोकरीची शिंगे द्यावीत. तारेवर लोकर गुंडाळून ती तार पेन्सिलीभोवती वळवली की मेंढ्याचे शिंग तयार. फेट्याच्या दोन्ही अंगांनी ती डोकावू द्यावीत.

वृषभ आला तर कंधारकरांनी दुसरीकडे पाहूच नये. आपला लालकंधारी घ्यावा. कॅलेंडरातला पांढरा नंदी सगळे काढतात. आपल्या वळूचा गडद तांबडा रंग, सारखी बाकदार शिंगे, रुंद कपाळ आणि लांब लोंबते कान काढणारा हात इथलाच पाहिजे. गाय रंगाने जरा फिकी, वळू गडद. म्हणून नवरी वृषभेची असेल तर तांबडा रंग थोडा उतरवावा. पोळ्याला शिंगांना लावलेल्या बेगडीचे तुकडे घरात असतातच, ते नवरीच्या बाशिंगाला चालतील.

सिंहाची आयाळ उसाच्या तुऱ्याची करावी. उसाला तुरा आला की सभासदाच्या पोटात गोळा येतो, कारण तुरा आलेला ऊस उभा राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात. पण फडात तुरा आलाच असेल तर चार तुरे रुखवतासाठी आणावेत. तो रुपेरी रेशमासारखा भुरा आयाळीला असा काही शोभतो, की बाजारची लोकर फिकी पडेल. उरलेला नवरदेवाच्या फेट्यात खोवावा. नाही तरी फेट्याला तुरा लागतोच.

कन्या राशीच्या नवरीच्या हाती ज्वारीचे कणीस आणि मिणमिणता दिवा द्यावा; वराहमिहिराचे धान्य आणि अग्नी तेच. तुळेच्या नवरदेवाच्या हाती ताजवा. त्याचा काटा मात्र अगदी मधोमध असावा; हे ऊस घालणाऱ्यांना सांगायला नको! कुंभासाठी कुंभाराकडून अंगठ्याएवढी गाडगी आणून बोहल्याच्या कोपऱ्याशी रचतात तशी उतरंड करावी. धनुचा घोडा माळेगावच्या जत्रेतला धरावा, अंगावर झूल घालून. मकराला जुन्या देवळात अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ते मकरमुख पाहून यावे. कर्क आणि मीन सोपे आहेत, ते लेकरांकडे सोपवावेत.

राहिला विंचू. त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

तालुक्यातल्या एका लग्नात आम्ही हे रुखवत पाहिले. नवरीची रास वृश्चिक. तिने बाहुलीची लांब वेणी काळ्या दोऱ्याची घातली होती आणि ती पाठीवर न सोडता डोक्यावरून पुढे वळवली होती. शेवटाला गोंडा होता तो नांगीसारखा टोकदार. वेणीची वेणी आणि विंचवाचा विंचू. आजेसासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "लग्नाच्या घरात इच्चू कशाला गं बाई?" नवरी म्हणाली, "आजी, तो माझाच हाय. पत्रिकेत तुमीच बघितला की." क्षणभर कुणी बोलेना. मग म्हातारीच हसली.

नंतर कळले ते असे. या मुलीची एक सोयरीक आधी मोडली होती. मुलगा मिथुनेचा, मुलगी वृश्चिकेची. मोजले तर सहावी-आठवी रास येते, म्हणजे षडाष्टक, आणि तेही मृत्युषडाष्टक. नाव ऐकूनच पाव्हणे उठले. वर गावात बोलले गेले ते निराळेच, "इच्चवाची रास हाय पोरीची." दोन वर्षे ते वाक्य तिच्यामागे फिरले. पुढे जुळले ते मेषेच्या मुलाशी. गंमत अशी, की मेष-वृश्चिक हेही षडाष्टकच. पण दोन्ही राशींचा स्वामी मंगळ, म्हणून शास्त्रात त्याला प्रीतिषडाष्टक म्हणतात. सहा आणि आठ तेच, पण एकदा मरण आणि एकदा प्रीती! तिने मेंढा आणि विंचू शेजारी शेजारी बसवले ते उगीच नव्हे.

गुण जुळवण्याचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशीकुटाचे ७ आणि नाडीचे ८, एकूण ३६. अठरा भरले की पुढची बोलणी. या आकड्यांत मुलीचे शिक्षण नाही, मुलाची दारू नाही, दोघांची पसंती नाही. पत्रिकेवरून माणूस किती ओळखता येतो याची एक चाचणी आपल्या महाराष्ट्रातच झाली. दिवंगत शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन्हींच्या पत्रिका, नावे झाकून, ज्योतिषांना दिल्या. कोणती कुणाची ते ओळखायचे. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. निकाल जाहीर झाला : शेकडा ४६ बरोबर. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते.

मग राशीच्या बाहुल्या कशाला करायच्या, असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे असे, की बाहुलीवरचा विंचू कुणाची सोयरीक मोडत नाही, कागदावरचा मोडतो. चित्र म्हणून या राशी देखण्या आहेत, आणि आपल्या रानातल्या जनावरांशी, कुंभाराच्या गाडग्यांशी त्या सहज जुळतात. मात्र दोन पथ्ये पाळावीत. एक, नवरीला विचारल्याशिवाय तिची रास टेबलावर मांडू नये; काहींना तिचा जाच झालेला असतो. दुसरे, बाहुल्यांच्या शेजारी गुणांचा आकडा लिहिलेली पाटी लावू नये. अशी पाटी आम्ही पाहिली आहे. एकोणीस गुण वाचून पाव्हण्यांमध्ये जी कुजबुज चालली ती मांडव उठेपर्यंत थांबली नाही.

रुखवताच्या टेबलामागे कपाट, फ्रीज आणि हार घातलेली मोटारसायकल उभी करण्याची चाल वाढली आहे, तिच्याविषयीही बोलले पाहिजे. बाहुल्या पुढे आणि आंदण मागे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने मागून घेतलेली वस्तू गुन्ह्यातच येते, आणि न मागता दिलेल्या भेटींचीही लेखी यादी ठेवावी असा नियम १९८५ पासून आहे. ज्या सभासदाने लेकीच्या लग्नासाठी पुढच्या हंगामाच्या उसावर उचल घेतली, त्याला त्या मोटारसायकलचे वजन काट्याशिवाय कळते. बाहुल्यांच्या जोडीला लागते ते धांडे, चिंध्या, लोकर, चिंचोके आणि आठ-दहा संध्याकाळी.

शेवटी जतनाविषयी. या बाहुल्या नवरीबरोबर सासरी जातात आणि कपाटाच्या काचेमागे बसतात. धांड्याचे भेंड कापण्याआधी चांगले चार-पाच उन्हे खाऊ द्यावे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. बोहला रसवंतीच्या चिपाडाचा विणला असेल तर ती चिपाडे गरम पाण्यातून दोनदा काढून घ्यावीत. गोडी राहिली की मुंग्या येतात आणि पहिल्यांदा खळ खातात. चिंचोक्याची खळ मुंग्यांनाच नव्हे, उंदरालाही आवडते, म्हणून खालच्या फळीवर ठेवू नये. विंचवाच्या नांगीची तार लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी आत वळवून दोऱ्याने बांधावी.