रान शिकवायचे कोणी?

आसनगाव परिसरातील एका शाळेत मी शिकवतो. वर्गात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, बौद्ध अशी मुले आहेत. आदिवासी संस्कृती आणि जमिनीची जोपासना हा विषय शाळेत शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते अनुभवाच्या आधारे मांडतो.

प्रथम माझीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी भिंतीवर वारली चित्रे काढून घेतली, स्नेहसंमेलनात तारपा नाच बसवला आणि विषय संपला असे मानले. दिवाळीनंतर एक कातकरी मुलगा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. जूनमध्ये परतला तेव्हा मी सर्वांसमोर विचारले, "तुला येतं तरी काय?" तो मान खाली घालून उभा राहिला. ज्या तुच्छतेने आमच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, तीच बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या माझ्या तोंडून बोलत होती.

त्याच पावसाळ्याच्या आरंभी मी वर्ग रानात नेला. तेथे तो शिक्षक झाला आणि मी विद्यार्थी. शेवळं कोठे उगवतात, त्यांची खाज मारायला भाजीत काकडं का घालतात, हे त्याने सांगितले. कंद खणल्यावर वेलाचा डोका त्याने परत मातीत पुरला. का, असे विचारताच म्हणाला, "मग पुढच्या साली काय खायचं, गुरुजी?" संवर्धनाची याहून नेमकी व्याख्या माझ्या पाठ्यपुस्तकात नाही.

हा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली.

परंतु ज्ञानाचा गौरव करून थांबणे ही फसवणूक होय. १८७८ च्या वन कायद्याने रान सरकारी राखीव होऊ लागले आणि त्यावर जगणारा चोर ठरला. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. पुढे वैतरणा, भातसा आली. शहापूरचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. ऑस्ट्रेलियातही आदिवासींची भूमी 'कोणाचीच नव्हती' असे मानून घेतली गेली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीत १९९२ च्या माबो खटल्यात मोडून काढले. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा व जोपासण्याचा हक्क मान्य केला. तो हक्क माहीत नसेल, तर जोपासनेचा धडा म्हणजे नुसता उपदेश ठरतो.

म्हणून आता मुले आपापल्या पाड्याचा नकाशा काढतात. त्यात झरे, मोहाची झाडे, वाघदेवाची जागा येते. कसलेली जमीन कोणाच्या नावावर आहे, हेही येते. ते म्हाताऱ्यांना विचारतात, ग्रामसभेत काय ठरले ते लिहून आणतात. कुणबी व बौद्ध मुलेही यात असतात, आणि ते आवश्यक आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला आदिवासींचा जमिनीचा प्रश्न परका असू शकत नाही.

यंदाही दिवाळीनंतर तो मुलगा भट्टीवर गेला. हजेरीपटावरून त्याचे नाव मी कमी केलेले नाही. पण नाव राखल्याने मूल राहत नाही. त्याच्या घरच्यांना वर्षभर पोट भरेल एवढी जमीन मिळेपर्यंत आमचा धडा अपुराच आहे.