देशांचा करार आणि आपल्या दुधाचा दर

ताईंनो, मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "मुक्त व्यापार करार म्हणजे काय गं? आपला काय संबंध?" संबंध आहे, थेट आपल्या गोठ्याशी.

परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार आयात शुल्क लावतं. त्यामुळे तो इथे महाग पडतो. काही देश मिळून हे शुल्क कमी किंवा बंद करायचं ठरवतात, तो मुक्त व्यापार करार.

'आरसेप' हा असाच करार. चीन, जपान, न्यूझीलंड, भारत धरून 16 देशांची बोलणी चालली होती. न्यूझीलंडची दूध पावडर स्वस्तात आली, तर आपल्या दुधाचा दर पडेल, अशी भीती होती. दूध उत्पादकांनी विरोध केला. नोव्हेंबर 2019 मध्ये भारत बाहेर पडला. उरलेल्या 15 देशांनी 2020 मध्ये सह्या केल्या.

म्हणजे करार वाईटच, असं नाही. आपला मालही तिकडे कमी शुल्कात जातो. बाहेरचं तेल स्वस्त झालं तर फोडणी परवडते, पण सोयाबीन पिकवणारीला फटका बसतो.

म्हणून कराराची बातमी ऐकली की दोन प्रश्न विचारा: शुल्क कोणत्या मालावरचं कमी होतंय? आणि तो माल आपल्यात कोण पिकवतं, कोण विकत घेतं?