लाभार्थीची ठेव, गहाण आणि दारिद्र्याचा पुरावा : उंब्रज परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

शासकीय मदत गरजूंपर्यंतच पोहोचावी यासाठी उत्पन्नाची व मालमत्तेची मर्यादा घालण्याची पद्धत जगभर आढळते. मर्यादा ठरविणे हे धोरणाचे काम आहे. आपण त्या मर्यादेच्या आत आहोत हे सिद्ध करण्याचा भार मात्र अर्जदारावर पडतो. सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, तारळी व कृष्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले उंब्रज हे महामार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. परिसरातील अर्थव्यवहार ऊस, सेवा सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि पतसंस्था यांभोवती फिरतो. अशा गावात गरिबी सिद्ध करताना अर्जदाराच्या कर्जाचे व बचतीचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निकषांतील कर्जाचे स्थान :

ब्रिटनमधील 'युनिव्हर्सल क्रेडिट' या योजनेशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. तेथे ६,००० पौंडांपर्यंतची बचत दुर्लक्षित केली जाते, १६,००० पौंडांपेक्षा अधिक बचत असल्यास सामान्यतः लाभ मिळत नाही, आणि या दोहोंमधील प्रत्येक २५० पौंडांमागे दरमहा ४.३५ पौंड उत्पन्न गृहीत धरले जाते. राहते घर मोजले जात नाही. अन्य मालमत्ता मोजताना तिच्या बाजारभावातून विक्रीखर्चापोटी दहा टक्के आणि तिच्यावरील गहाणाची रक्कम वजा होते. साहजिकच अर्जदारास बँकेचे उतारे व कर्जाचा तपशील सादर करावा लागतो. ही चौकशी जाचक खरीच. परंतु तीत हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहिल्या जातात.

आपल्याकडील निकषांत असे घडत नाही. किंबहुना काही ठिकाणी कर्ज हेच संपन्नतेचे लक्षण मानले गेले आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात १३ निकष होते व प्रत्येकास ० ते ४ गुण होते. गुण जितके अधिक तितके कुटुंब सुस्थितीतील. कर्जबाजारीपणाच्या निकषात दैनंदिन गरजांसाठी सावकाराकडून कर्ज घेणाऱ्यास शून्य, तर केवळ संस्थात्मक कर्ज असणाऱ्यास ३ गुण मिळत. कर्ज नसलेल्या व मालमत्ता असलेल्या कुटुंबास ४ गुण होते. म्हणजे सोसायटीचा थकबाकीदार आणि कर्जमुक्त मालमत्ताधारक यांत अवघ्या एका गुणाचे अंतर! ज्या भागात सहकार रुजला, तेथील गरीब कुटुंब त्या सहकारामुळेच यादीत वर सरकण्याची शक्यता यात होती.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) निकषांत हाच विचार अधिक कठोरपणे उतरला आहे. ५० हजार रुपये वा त्याहून अधिक कर्जमर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असलेले कुटुंब अपात्र ठरते. पीककर्जाची मर्यादा पीक व क्षेत्र यांवर ठरते आणि ऊस हे खर्चिक पीक असल्याने एक-दीड एकराच्या धारकाचीही मर्यादा ही रेषा ओलांडू शकते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठीच्या केंद्रीय निकषांत (२०१९) ८ लाख रुपयांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर पाच एकर वा अधिक शेतजमीन ही अपात्रतेची अट आहे. ती जमीन गहाण आहे किंवा नाही हे विचारले जात नाही. राज्याच्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत जून २०२४ मध्ये पाच एकर जमिनीची अट घातली गेली आणि काही दिवसांतच वगळली गेली. मालमत्तेचा निकष गावपातळीवर लावणे किती अवघड आहे याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

बचतीबाबत याच्या उलट स्थिती आहे. जमीन सातबाऱ्यावर सर्वांना दिसते. पतसंस्थेतील मुदतठेव, भिशीतील रक्कम किंवा सोने कोणत्याही गाव नमुन्यात दिसत नाही. त्यामुळे भूमिहीन परंतु ठेवीदार व्यक्ती कागदावर निर्धन ठरते आणि बोजा चढलेल्या पाऊण एकराची विधवा वारसदार कागदावर बागायतदार ठरते.

कागदपत्रे काय सांगतात :

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राबविली जाते. तिची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा कुटुंबासाठी वार्षिक २१,००० रुपये, म्हणजे दरमहा १,७५० रुपये आहे. जुलै २०२३ पासून अनुदान मात्र दरमहा १,५०० रुपये झाले. अनुदान मर्यादेच्या इतके जवळ आले, तरी मर्यादा जागीच राहिली. एवढ्या अल्प रकमेत खरे उत्पन्न बसविणे कोणत्याही कुटुंबास कठीण असल्याने दाखल्यातील आकडा हा मोजमापापेक्षा समजुतीचा विषय बनतो.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) चौकशी अहवालावर आणि अर्जदाराच्या स्वघोषणापत्रावर आधारलेला असतो. जमीन व पीक पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधला जातो. येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. कर्जाचे व्याज हा शेतीचा खर्च आहे व तो उत्पन्नातून वजा होणे न्याय्य आहे. मुद्दलाची परतफेड हा काटेकोर अर्थाने खर्च नव्हे. परंतु ऊसबिलातून सोसायटीची वसुली परस्पर कपात होते तेव्हा घरात येते ती निव्वळ रक्कम. चूल त्या रकमेवर पेटते, एकूण बिलावर नव्हे.

मग कर्जाचा पुरावा कोणता? सर्वसाधारण समज असा की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातील नोंद पुरेशी आहे. ती अपुरी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सभासदाने करून दिलेल्या इकराराची नोंद फेरफाराद्वारे तेथे होते. पण ती मूळ रक्कम दाखविते, आजची बाकी नव्हे. कर्ज फिटल्यावरही संस्थेच्या दाखल्याच्या आधारे बोजा कमी करण्याचा फेरफार होईपर्यंत नोंद कायम राहते. भूविकास बँकांचे कामकाज थांबल्यानंतरही त्यांचे बोजे सातबाऱ्यांवर राहिले होते. थकीत कर्जे माफ करून ते उतरविण्याचा निर्णय शासनाने २०२२ मध्ये घेतला. आजची बाकी सिद्ध करण्यासाठी संस्थेचा येणेबाकी दाखला अथवा कर्जखात्याचा उतारा आणि ऊसबिलाची कपात दर्शविणारी पावती हीच विश्वसनीय साधने होत. घरावरील कर्जाची अडचण आणखी वेगळी आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा आकारणीचा उतारा असून मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. केवळ मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५८) त्या उताऱ्यावर उमटेलच असे नाही.

पती निधन पावल्यावर वारसनोंदीने पत्नीच्या नावे जमीन येते तेव्हा बोजाही सोबत येतो. ऊस तोडणीला जाऊन बिल जमा होईपर्यंत महिने जातात, वसुली मात्र पहिल्याच बिलातून होते. या काळात तिने अनुदानासाठी अर्ज केल्यास सातबारा तिच्या विरुद्ध साक्ष देतो आणि तिच्या बाजूची कागदपत्रे जोडावीत असे अर्जाचा नमुना सुचवीत नाही. तथापि ती जोडण्यास मनाई नाही. चौकशीच्या वेळी येणेबाकी दाखला व बिलाची पावती दिल्यास आणि तलाठ्याच्या अहवालात त्यांचा उल्लेख झाल्यास तहसीलदारांसमोर व अनुदान समितीसमोर जमिनीबरोबर कर्जही येते. दाखल्याची सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येत असल्याने तो मुदतीत न मिळाल्यास वा नाकारला गेल्यास अपिलाचाही मार्ग आहे.

महाविद्यालयीन शिक्षकांचा या दाखल्याशी संबंध शिष्यवृत्तीच्या अर्जांतून येतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस २.५ लाख आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेस ८ लाख रुपयांची मर्यादा आहे. दोन्हीकडे दाखला सरलेल्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. वडिलांचे वर्षाच्या मध्यात निधन झालेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यात त्यांची कमाई तशीच राहते, आणि फेब्रुवारीत सोसायटीची नोटीस घरी आली हे महाविद्यालयाच्या छाननीत कोठेही दिसत नाही.